अरुणभैया, माझा ‘ळ’ तुमच्याकडून आला

पुणे, ४ मे

आदरणीय अरुणभैया,

महाराष्ट्र तुम्हांला भावगीतगायक अरुण दाते म्हणून ओळखतो, पुण्यात सगळे ‘दातेसाहेब’ म्हणायचे. मी इंदूरची, रामबागेतली. तुमच्या वडिलांना अख्खं गाव रामूभैया म्हणायचं, तेव्हा त्या हिशेबाने तुम्ही अरुणभैया. आमच्याकडे हा शब्द जरा सैल होऊन ‘भिया’ होतो, पण पत्रात तेवढं नको.

आज तुमचा जन्मदिवस. १९३४ साली याच तारखेला तुम्ही इंदुरात जन्मलात आणि २०१८ साली चौऱ्याऐंशीवा वाढदिवस होऊन दोनच दिवसांनी, ६ मे रोजी, मुंबईत गेलात. हे पत्र तुमच्या हयातीत लिहायला हवं होतं. खरं तर एकदा सगळं समोरासमोर सांगायची संधी आली होती, ती मी कशी घालवली ते पुढे सांगते. आधी केळ्यांची गोष्ट.

१९८९ साली लग्न होऊन मी पुण्यात आले. माहेरी आम्ही मराठीच बोलायचो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सासरी आल्यावर चौथ्या दिवशी मी मंडईतून पिशवी घेऊन आले आणि सांगितलं, “मी केली आणली.” धाकटे दीर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “काय केली, वहिनी?” घरभर हसू. मलाही हसू आलं, पण कशाला हसताहेत ते कळलं नव्हतं. पुढच्या महिनाभरात कळलं. मी ‘डाल’ शिजवत होते, ‘नल’ बंद करत होते, जाऊबाईंच्या बाळाला ‘बाल’ म्हणत होते आणि सगळ्यांना ‘पानी’ देत होते. शिवाय ‘मी ने सांगितलं’ हे तर होतंच. कुणी वाईट वागलं नाही, हे आवर्जून लिहिते. पण रोज कुणीतरी हसतं म्हटल्यावर माणूस हळूहळू कमी बोलायला लागतो. सासूबाईंना वाटायचं, सून शांत आहे. शांत कुठली, मी शब्द शोधत असायची, ज्यात ळ नाही, ण नाही. केळ्यांना मी काही दिवस ‘ती पिवळी फळं’ म्हणणार होते, पण त्यातही दोन ळ निघाले.

तुमची कॅसेट घरात आधीपासून होती. ह्यांची. मी ती लावली ती निव्वळ माहेरची आठवण म्हणून. आमचे बाबा इंदूरच्या मिलमध्ये हिशेबनीस होते. रेडिओवर तुमचं गाणं लागलं की ते आवाज वाढवायचे आणि न चुकता सांगायचे, “हा आपल्या गावचा. आणि कापडाच्या लाइनीतला.” तुम्ही टेक्स्टाइल इंजिनीअर होतात, पाव शतकाहून जास्त काळ तुम्ही कापडगिरणीतली नोकरी सांभाळून गायलात, याचं बाबांना गाण्यापेक्षाही कौतुक होतं. दिवसा धागा आणि संध्याकाळी गाणं, असं ते म्हणायचे. गिरणीच्या खडखडाटातून बाहेर पडून इतकं हळू कसं गाता येतं, हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही.

तर एका दुपारी मी भाजी निवडत होते आणि तुम्ही गात होतात, ‘डोळ्यांत सांजवेळी आणू नकोस पाणी’. शंभरदा ऐकलेली ओळ. त्या दिवशी पहिल्यांदा ती शब्द म्हणून ऐकली नाही, अक्षरं म्हणून ऐकली. डोळ्यांत, वेळी, आणू, पाणी. दोन ळ, दोन ण. माझ्या सगळ्या चुका एका ओळीत ओळीने उभ्या! मी हात पुसले, टेप मागे नेली आणि पुन्हा ऐकली. मग तुमच्यामागून म्हणाले. गायले नाही हं, नुसतं बोलले. जीभ मागे वळवून टाळूला लावायची आणि झटकन सोडायची, की ळ होतो. माळव्यात खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या तोंडी हा ळ ऐकलेला होता, पण शहरातल्या हिंदी शाळेत गेलेल्या आम्हा पोरींना तो गावंढळ वाटायचा. पुण्यात नेमका तोच न आल्यामुळे मी गावंढळ ठरले होते.

तुमच्याकडून शिकता आलं, याला एक कारण आहे. तुम्ही शब्दाच्या अंगावर चढून गात नाही. तानांची आतषबाजी नाही, मागे वाद्यांची गर्दी नाही. प्रत्येक अक्षर नीट उतरवून ठेवता आणि मगच पुढचं उचलता. लोक तुमच्या आवाजाला मखमली म्हणतात. म्हणोत बापडे, आता कुणाही हळू गाणाऱ्याला मखमली म्हणतात. मला त्यात मखमलीपेक्षा तो बारीक कंप जास्त ऐकू येतो, एखाद्याला मनातलं बोलायचं असतं पण खात्री नसते, तसा. ती उर्दू गझलेची सवय असावी. रेडिओवर तुम्ही १९५५ पासून गात होतात आणि सुरुवात गझलेचीच होती. गझल गाणाऱ्याला शब्द गिळून चालत नाही.

दोन-तीन महिन्यांनी ‘या जन्मावर, या जगण्यावर’ पाशी आले आणि पुन्हा अडले. मराठीत ज दोन आहेत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लिहायला अक्षर एकच. जन्मातला ज टाळूवरचा, जगण्यातला दातांमागून घासत येणारा. पाडगावकरांनी दोन्ही शेजारी ठेवलेत, यशवंत देवांनी चाल अशी बांधली आहे की दोन्ही उघडे पडतात, आणि तुम्ही ते असे म्हणता की फरक लहान मुलालाही कळावा. पाडगावकर, देव आणि दाते हे त्रिकूट लोकांना प्रेमाच्या गाण्यांसाठी आठवतं. माझ्यासाठी ती व्याकरणाची शिकवणी होती. ‘भातुकलीच्या खेळामधली’ ऐकताना सगळे डोळे पुसत असत, तेव्हा मी ‘खेळा’तला ळ तपासत असे. राजा-राणीची ताटातूट झाली, हे माझ्या लक्षात बऱ्याच उशिरा आलं.

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र नुसत्या कॅसेटचं आभारपत्र झालं असतं. पण काही वर्षांनी मला तुमची हकीगत कळली आणि मी चाट पडले. मराठी गायचं म्हटल्यावर तुम्ही स्वतःच मागे सरत होतात! आपण इंदूरचे, आपले मराठी उच्चार मराठी माणसाला पटणार नाहीत, ही भीती. गझला म्हणीन, मराठी नको. संगीतकार श्रीनिवास खळ्यांनी तुमचा आवाज ऐकला होता आणि त्यांना ‘शुक्रतारा’साठी तोच हवा होता. त्यांनी पिच्छा सोडला नाही म्हणून साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते गाणं झालं. त्याची पहिली ओळ बघा, चांदणे आणि पाणी. दातांमागचा च आणि दोन ण. इंदूरच्या मुलाने पहिल्याच मराठी गाण्यात पहिल्याच ओळीत हे पेलायचं होतं! ज्या आवाजाकडून मी उच्चार शिकले, तो आवाज माझ्यासारखाच घाबरलेला होता, हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदाने.

मग मी जरा खोलात गेले. ‘शुक्रतारा’ म्हणजे अस्सल मराठी भावगीत, होय ना? दिवाळी पहाटेला, कोजागरीला, लग्नाच्या पन्नाशीला, कुठेही. त्याची चाल बांधणारे खळे बडोद्यात वाढलेले. तुमच्याबरोबर गाणाऱ्या सुधा मल्होत्रा पंजाबी, बालपण लाहोर, भोपाळ, फिरोजपूर असं विखुरलेलं. लग्नानंतर त्यांनी चित्रपटांसाठी गाणं थांबवलं होतं, आणि तरी त्या मराठीतलं सर्वांत लाडकं युगुलगीत गाऊन गेल्या. आणि तुम्ही होळकरांच्या इंदूरचे. चौघांत महाराष्ट्राच्या मातीत वाढलेले एकटे पाडगावकर, वेंगुर्ल्याचे. आणखी मागे जायचं तर तुमचे पहिले गुरू कुमार गंधर्व. बेळगावकडचे, मातृभाषा कानडी, मुक्काम देवास. इंदूरच्या तुमच्या घरात कुमारजींसारख्या गवयांची उठबस असे, पु. लं.नी ‘गुण गाईन आवडी’त रामूभैयांवर लिहिलं आहे. मराठी गाण्याचा एवढा मोठा ऐवज असा हद्दीबाहेरच्या माणसांनी उभा केला आहे. ही यादी मी एकदा दिरांना जेवताना ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि केळं पुढे केलं.

आता ती घालवलेली संधी. नव्वदच्या दशकात कधीतरी पुण्यात तुमचा ‘शुक्रतारा’ कार्यक्रम होता. त्याचे तुम्ही अडीच हजारांहून जास्त प्रयोग केलेत, त्यांतला एक. कार्यक्रम संपल्यावर लोक भेटायला रांगेत उभे राहिले, मीही राहिले. माझं वाक्य तयार होतं. घरी आरशासमोर घोटलेलं, त्यात मुद्दाम तीन ळ घातले होते. पुढची माणसं सरकत गेली, माझा नंबर आला, तुम्ही हात जोडलेत, आणि माझ्या तोंडून निघालं, “भैया, बहुत अच्छा गाया आपने.” इतकंच. आयुष्यात त्याहून शुद्ध इंदुरी मी कधी बोलले नसेन. मागच्या बाई कुजबुजल्या, “मराठी नसूनही आल्यात, बघा.” तुम्ही हसलात, मी पायाला हात लावला आणि पळाले. रिक्षात ह्यांनी विचारलं, बोललीस का? मी म्हटलं, हो, बोलले.

ते तीन ळ तेव्हापासून उधार आहेत.

तुमची सगळीच गाणी मला आवडतात असं मात्र नाही. काही फारच गोड आहेत, श्रीखंडावर साखर पेरल्यासारखी, आणि सलग तासभर ऐकली तर मला मधे शेव खावीशी वाटते. इंदूरच्या माणसाला पोह्यांवरही शेव लागते, तुम्ही समजून घ्याल. पण ‘असेन मी, नसेन मी’ लागलं की मी हातातलं काम ठेवते. शांताबाई शेळक्यांचे शब्द, देवांची चाल. तुम्ही गेलात त्या दिवशी दिवसभर सगळीकडे तेच वाजत होतं, तेव्हा मात्र मी ते ऐकलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस यशवंत देवही गेले. खळे, पाडगावकर आधीच गेले होते.

आता मी काय करते ते सांगायचं राहिलं. मुलं मोठी झाल्यावर मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायला लागले. पुण्यात असं काम करणारे बरेच जण आहेत, माझं काही विशेष नाही. पहिल्या दिवशी चाचणी म्हणून एक पान वाचायला दिलं होतं. वाचलं. समन्वयक बाई म्हणाल्या, उच्चार स्वच्छ आहेत, गाणं शिकलायत का? मी म्हटलं, हो, अरुण दात्यांकडे. त्यांचे डोळे मोठे झाले. मी दुरुस्ती केली नाही. खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही.

आजवर इतिहास, नागरिकशास्त्र, दोन कादंबऱ्या आणि बँकेच्या परीक्षेची जाडजूड पुस्तकं वाचून झाली. दर सत्राआधी घसा साफ करण्याऐवजी मी डोळ्यांत, वेळी, आणू, पाणी असं पुटपुटते. आमचा ध्वनिमुद्रण करणारा मुलगा आता हसत नाही, माइकची पातळी त्यावरच लावतो.

मागच्या महिन्यात लातूरकडच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. परीक्षेसाठी माझ्या आवाजात चारशे पानं ऐकली होती बिचाऱ्याने. आभार मानून झाल्यावर जरा घुटमळत म्हणाला, “ताई, एक विचारू? तुम्ही मूळच्या कुठल्या?”

माझ्या पोटात गोळा. तीस वर्षांनी पुन्हा केळी!

“का रे? काही चुकलं का?”

“नाही नाही. बाकी सगळं एकसारखं आहे. फक्त प्रकरण सहामध्ये होळकरांचा धडा आहे ना, त्यात इंदूर आलं की तुमचा आवाज हसतो.”

तुमची,
रामबागेतली एक विद्यार्थिनी