स्टिअरिंगची खटखट : आधी निदान, मग दुरुस्ती

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात घोडबंदर रस्ता, गायमुख घाट, मुंब्रा बायपास आणि शीळफाटा येथील खड्ड्यांची छायाचित्रे आपल्या दैनिकात नेमाने येतात आणि त्यांवर वाचकांची पत्रेही येतात. खड्डे कालांतराने बुजवले जातात. परंतु मोटारीच्या पुढच्या चाकांना बसलेले त्यांचे हादरे पुढे कित्येक महिने गॅरेजांमध्ये तक्रारींच्या रूपाने येत राहतात. त्यांपैकी एक नित्याची तक्रार म्हणजे स्टिअरिंग वळवताना पुढून येणारा ‘खट’ असा आवाज. या आवाजाचे कारण न शोधता अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलण्याची जी रीत अनेक गॅरेजांत रुळली आहे, तिच्याविषयी हे पत्र लिहीत आहे. माझी नोकरी वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात, सुट्या भागांच्या तपासणी विभागात झाली, त्यामुळे या विषयाकडे पाहण्याची थोडी सवय आहे.

आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांच्या लहान मोटारीतून असा आवाज येऊ लागला. गॅरेजने गाडी चालवून न पाहताच ‘एक्सल गेला’ असे सांगितले आणि दोन्ही बाजूंचे एक्सल, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना पोचवणारे दांडे, बदलले. आवाज कायम राहिल्यावर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे सांधे, बदलले गेले, पाठोपाठ चाकांचे कोन जुळवणारी अलाइनमेंट झाली आणि वर ‘पॉवर स्टिअरिंगचे ऑइल’ बदलल्याची रक्कमही बिलात लागली. त्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालणारे, म्हणजे त्यात ऑइल असण्याचा प्रश्नच नव्हता! शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रींनी बॉनेट उघडले, गाडी जागेवर उभी असताना मालकांना स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांपर्यंत फिरवायला सांगितले आणि शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर हात ठेवला. डाव्या बाजूचे माउंटिंग दर वेळी हाताखाली उसळत होते. शॉकअपची स्प्रिंग चाकाबरोबर सहज फिरावी म्हणून तिथे एक बेअरिंग असते; ते जाम झाले की स्प्रिंगला पीळ बसत जातो आणि तो एका क्षणी सुटून ‘टण्ण’ असा आवाज होतो. हे निदान व्हायला पैसा लागला नाही, फक्त दोन माणसे लागली.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर आवाज येतो की गाडी चालत असतानाच येतो, हा या सगळ्या प्रकरणातला पहिला प्रश्न आहे आणि तोच बहुतेक ठिकाणी विचारला जात नाही. उभ्या गाडीतही आवाज येत असेल, तर सीव्ही जॉइंटवर, म्हणजे चाक वळलेले असतानाही त्याला जोर पोचवणाऱ्या एक्सलच्या टोकाच्या सांध्यावर, संशय घेण्याचे कारण फारसे उरत नाही, कारण त्या वेळी चाक फिरत नसते आणि इंजिनाचा जोर एक्सलवर आलेला नसतो. अशा वेळी शॉकअपचे माउंटिंग, तुटलेली स्प्रिंग, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा), टाय रॉड एंड, टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारी स्टिअरिंगची रॅक, किंवा स्टिअरिंगच्या दांड्यातला सांधा यांच्याकडे वळले पाहिजे. आवाज कानाला कमी आणि तळहातांना जास्त जाणवत असेल, तर दांड्यातला सांधा आणि रॅक आधी तपासणे शहाणपणाचे. सोसायटीच्या पोडियमवर गुळगुळीत फरशीवर चाक वळवताना जो किंचाळल्यासारखा आवाज होतो, तो मात्र टायरचा असतो. त्यासाठी गॅरेज गाठण्याची गरज नाही.

सीव्ही जॉइंटचा आवाज वेगळा असतो आणि एकदा ऐकला की सहसा विसरत नाही. मोकळ्या जागेत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, हलका ॲक्सिलरेटर देत गाडी गोल फिरवली की ‘कट-कट-कट’ अशी लयबद्ध कटकट ऐकू येते आणि वेग वाढेल तशी ती जलद होते. उजवीकडे वळताना आवाज येत असेल, तर दोष बहुधा डाव्या, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या चाकाच्या जॉइंटमध्ये असतो. मात्र कानावर विसंबून न राहता चाकामागे वाकून पाहावे. जॉइंटवरचे रबरी बूट फाटलेले असेल, तर त्यातले ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला आणि आसपासच्या भागांवर काळा थर साचलेला दिसतो. बूट फाटल्यावर चिखल आणि पाणी आत शिरते आणि जॉइंटची झीज सुरू होते. आवाज सुरू होण्यापूर्वीच फाटलेले बूट लक्षात आले, तर नुसते बूट आणि ग्रीस बदलून भागू शकते. म्हणून पावसाळा संपताच गाडी लिफ्टवर चढवून बूट पाहून घेणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. बोलेरो किंवा ईकोसारख्या, मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर पोचवणारा एक्सलच नसतो. तिथेही ‘पुढचा एक्सल’ असे कोणी सुचवले, तर दुसरे गॅरेज शोधावे.

आपल्याकडील रस्त्यांमुळे सर्वांत जास्त मार खाणारा भाग म्हणजे स्टॅबिलायझरची लिंक, अर्थात वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या स्टॅबिलायझर बारला चाकाकडच्या भागांशी जोडणारी छोटी दांडी. तिची ओळख पटवण्याची एक सोपी रीत आहे. सरळ गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम वर येतात, तेव्हा स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही आणि सैल लिंक गप्प राहते. एकच चाक खड्ड्यात गेले, किंवा पेव्हर ब्लॉकच्या उंचवट्यावर एकाच बाजूने गाडी चढली, की बारला पीळ बसतो आणि लिंक ‘खट’ करते. वळताना गाडी एका बाजूला कलते, म्हणून तेव्हाही ती बोलते आणि मालकाला वाटते की दोष स्टिअरिंगमध्ये आहे. मेट्रोच्या कामाच्या काळात घोडबंदर रस्त्यावर डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्या पातळ्या जागोजागी बदलत राहिल्या. तिथून रोज ये-जा करणाऱ्यांनी ही शक्यता आधी पडताळून पाहावी असे मला वाटते.

ही झाली खर्चाची बाजू. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांच्याबाबत मात्र प्रश्न जिवाचा आहे. सीव्ही जॉइंट साधारणपणे बरेच दिवस कटकट करून इशारा देतो. पण बॉल जॉइंट सॉकेटमधून निखळला तर चाक गाडीखाली दुमडते आणि टाय रॉड एंड सुटला तर ते चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा पूर्व द्रुतगती महामार्गावर भर वेगात असे घडले तर काय होईल, हे सांगायला नको. चाक जॅकवर उचलून, गाडीला पक्का आधार देऊन, चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवले की टाय रॉडचा आणि रॅकचा सैलपणा हाताला कळतो. वरच्या-खालच्या कडांना धरून हलवल्यास चाकाचे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहे का हे कळते. त्यानंतर मिस्त्रींनी लोअर आर्मखाली पहार लावून बॉल जॉइंट पाहावा. यांत सैलपणा आढळला, तर गाडी ‘अजून चार दिवस’ चालवू नये. आणि हे सगळे करण्याआधी चाकांचे नट आवळलेले आहेत ना, हे पान्याने पाहावे. पंक्चर काढल्यानंतर सैल राहिलेल्या नटांमुळेही असाच आवाज येतो.

यात कायद्याकडून फारशी मदत होत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पहिली 15 वर्षे वैध असते आणि फिटनेस तपासणीचा प्रश्न सर्वसाधारणपणे तिच्या नूतनीकरणाच्या वेळी येतो. पीयूसी केंद्रावर तपासला जातो तो केवळ धूर. टॅक्सी, बस, मालवाहू वाहने यांना ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते. म्हणजे घरच्या मोटारीचे स्टिअरिंग सुरक्षित आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी 15 वर्षे मालकावर आणि त्याच्या मिस्त्रींवर असते, आणि म्हणूनच गॅरेजचे निदान नुसत्या अंदाजावर सोडता येत नाही.

गॅरेजचालकांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. गाडी उघडण्यापूर्वी मालकाला शेजारी बसवून ती एकदा चालवावी, आवाज कधी, कोणत्या बाजूने आणि कोणत्या वेगाला येतो हे जॉब कार्डवर लिहावे, भाग बदलण्याचे कारणही तिथेच नोंदवावे आणि काढलेला जुना भाग न मागता परत द्यावा. टाय रॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट लागतेच, तेव्हा तिचा खर्चही आधीच सांगावा. मालकांनीही ‘स्टिअरिंगमध्ये आवाज येतो’ एवढेच सांगून चावी देऊ नये. एवढे करूनही न बिघडलेल्या भागांचे पैसे लावले गेले, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा आयोगाकडेही जाता येते. तिथे जॉब कार्डवरची ती नोंद आणि हाती असलेला जुना भाग हाच पुरावा ठरतो.

आपला नम्र,
एक निवृत्त तपासनीस
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)