केसांच्या प्रत्यारोपणाविषयी मित्रास पत्र

कोल्हापूर,
12 नोव्हेंबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. माघातल्या लग्नाआधी केसांचे प्रत्यारोपण उरकून घ्यावे का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे पहिले कारण निव्वळ पंचांगाचे आहे. लावलेले केस पहिल्या महिना-दीड महिन्यात बहुधा गळून पडतात, तीन-चार महिन्यांनी नवे उगवू लागतात आणि खरे रूप दिसायला नऊ ते बारा महिने जातात. म्हणजे आत्ता शस्त्रक्रिया केलीस, तर अक्षतांच्या वेळी तुझे डोके आजच्यापेक्षा विरळ दिसण्याचा संभव अधिक. पॅकेज विकणाऱ्याने हे तुला सांगितलेले दिसत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. श्रावणात तुला डेंग्यू झाला होता. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस मूठ-मूठ जातात आणि पुढच्या सहा महिन्यांच्या आसपास बहुतेक आपोआप भरून येतात. तुझ्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरची माघार मात्र तापाची नव्हे, ती आनुवंशिक दिसते. काकांचे डोके आठव. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असाव्यात असा माझा तर्क आहे. पण मी औषध दुकानदार, निदान त्वचारोगतज्ज्ञांनीच करायचे. ते डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, मुळाजवळचे केस पाहतील. जाड आणि बारीक केस शेजारी शेजारी दिसले, तर आनुवंशिक टकलाचा पुरावा मिळतो. थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगतील. रक्त देण्यापूर्वी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील, तर डॉक्टरांना सांग. थायरॉइडचा अहवाल त्यामुळे चुकू शकतो.

निदान आनुवंशिक ठरले, तर भक्कम आधार असलेली औषधे मुख्यतः दोन. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून तिचे डोक्याला लावायचे द्रावण निघाले. पहिल्या काही आठवड्यांत ते लावूनही गळती वाढते आणि तिथेच बरेच जण बाटली टाकून देतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात आणि थांबवले की मिळालेले केस पुन्हा जातात. (तुमच्या घरी मांजरे आहेत म्हणून लिहितो : हे द्रावण मांजराला विषारी असते, उशीची खोळ जपावी.) फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅमची गोळी टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारे, केसांची मुळे बारीक करणारे डीएचटी नावाचे संप्रेरक कमी करते. थोड्या पुरुषांना कामेच्छा घटल्याचा किंवा मन उदास झाल्याचा त्रास होतो. म्हणून ही गोळी माझ्या दुकानातूनसुद्धा चिठ्ठीशिवाय मागू नकोस. गरोदर स्त्रीने तिचा फुटलेला तुकडा हाताळू नये, हेही नवे घर मांडताना ध्यानात असू दे.

तेलांविषयी फार लिहीत नाही. टक्कल बरे करतो असा दावा औषधाने करण्यास आपल्या देशात औषधविषयक नियमांच्या अनुसूची जे प्रमाणे मनाई आहे, तरी फलक पाहशील तिथे आहेत. पीआरपीची, म्हणजे आपल्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाची, इंजेक्शने काहींना उपयोगी पडतात, पण परिणाम सारखा नसतो आणि खर्च वारंवार येतो.

प्रत्यारोपण खोटे नव्हे. डोक्याच्या मागच्या भागातले केस डीएचटीला दाद देत नाहीत, म्हणून पुढे लावल्यावरही टिकतात. पण तो साठा मर्यादित आहे, आणि पुढे उरलेले तुझे मूळचे केस औषधावाचून जातच राहतील. अठ्ठाविसाव्या वर्षी कपाळावर दाट रेघ काढून घेतलीस, तर चाळिशीत तिच्यामागे मोकळे मैदान उरेल. वर्ष-दोन वर्षे औषधाने काय टिकते ते पाहून मग ठरव, आणि तेव्हाही सुरी प्रशिक्षित डॉक्टर चालवणार की तंत्रज्ञ, हे आधी विचार.

राहिले लग्न. मुहूर्ताला फेटा असणारच. स्वागत समारंभासाठी केराटिनची भुकटी विरळ केसांवर शिंपडली, तर टाळू झाकली जाते; मात्र घामाने ती ओघळते, म्हणून आधी एकदा घरी लावून पाहा. पॅचचा, म्हणजे डोक्यावर चिकटवायच्या केसांच्या टोपाचा, मोह टाळावा असे मला वाटते : चिकटवण्यासाठी बहुधा तिथले केस भादरावे लागतात, दर तीन-चार आठवड्यांनी काढून पुन्हा बसवावा लागतो, आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्यात खाली खाज सुटते. तालमीतल्या पोरांसारखे बारीक केस तुला शोभतील, असे माझे जुने मत आहेच.

तपासण्यांचे अहवाल आले की पाठव. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
विश्वास