कणकण असेल तर फोन करा, भेटायला येऊ नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गणपती तोंडावर आलेत, पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि बेळगावात घरोघरी सर्दी-ताप चालू आहे म्हणून हे पत्र. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, एमएस म्हणतात त्याला. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करते असा हा आजार. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे आधीच सांगते, कारण आमच्या गल्लीतल्या एक काकू अजून माझ्या हातचा चहा घेत नाहीत, स्वतः मात्र नाक ओढत तासभर माझ्या शेजारी बसतात!

मला रिटुक्सिमॅब चालू आहे, साधारण सहा महिन्यांनी सलाईनमधून देतात. त्याने रक्तातल्या बी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्याच काही पेशी, कमी होतात, एमएस दबून राहतो, पण फ्लू नाहीतर कोविड आला की लढायला फौज अपुरी पडते आणि डोसनंतर लगेच लस घेतली तर तिचाही हवा तेवढा उपयोग होत नाही. म्हणून डोसच्या तारखा बघून लस कधी घ्यायची ते न्यूरोलॉजिस्टला विचारून ठरवावं लागतं, आणि जिवंत विषाणूची लस तर आम्हाला चालतच नाही. सगळ्या एमएसवाल्यांचं असं नसतं हां, इंटरफेरॉन हे एमएसचं दुसरं औषध घेणाऱ्यांना हा धोका फारसा नाही. पण भीतीपोटी कुणी आपल्या मनाने औषध बंद करू नका, एमएसचा अटॅक आला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

लोक म्हणतात साधा तर ताप आहे, एक पॅरासिटामॉल घे. अहो, शंभरवर ताप गेला की माझ्या उजव्या डोळ्यासमोर धुकं येतं, पाय इतका जड होतो की चप्पल कधी निसटली ते खाली बघितल्याशिवाय कळत नाही. अंग तापलं की जुनी लक्षणं अशी वर येतात, ताप उतरला की बहुतेक वेळा जातात, पण इन्फेक्शनमुळे खरा अटॅकही येऊ शकतो आणि त्या दोन दिवसात दोन्हीतलं काय आहे ते घरी बसून कसं कळणार?

माझ्याकडून होतं ते मी करते. बाहेर एन-९५ घालते, बसमध्ये पावसामुळे सगळ्या काचा बंद असल्या तर पुढची बस बघते, दवाखान्यात नंबर लावून बाहेर रिक्षात बसते. रिसेप्शनवाल्यांना ते आवडत नाही, आत बसा म्हणतात, आत सगळे खोकत असतात! २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून इकडे येऊ देत नव्हते, मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपली म्हणून सांगितलं आणि आता मास्क घातला की लोक विचारतात, काय वैनी, कोरोना परत आला की काय. व्हायरस कुठे गेलाय, आणीबाणी तेवढी गेली.

पण मी कितीही सांभाळलं तरी दारातून आत येणाऱ्याचं काय करू? आपल्यात आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे जायचंच, नाही गेलं तर नावं ठेवतात. परवा एक नातेवाईक खानापूरहून आले आणि बसल्यावर म्हणतात, जरा कणकण आहे पण म्हटलं तुला बघूनच जावं. आता माया आहे म्हणूनच आले ना, त्यांना उठा कसं म्हणायचं? मी खिडक्या उघडल्या, मास्क लावला, तर त्या पाहुण्यांना वाटलं मला राग आला.

म्हणून सगळ्यांना विनंती, घसा धरला असेल, अंग दुखत असेल तर फोन करा, व्हिडिओ कॉल करा, मला तेवढंच बरं वाटेल. फ्लू लक्षणं दिसायच्या आधी एक दिवससुद्धा पसरतो, म्हणजे घरात कुणाला ताप असेल तर तुम्ही ठणठणीत असलात तरी चार दिवस थांबा. मंडळांनीही मंडप चारी बाजूंनी पॅक करू नये, वारा खेळता ठेवावा, आणि सकाळी गर्दी नसताना आमच्यासारख्यांना, केमो चालू असणाऱ्यांना, म्हाताऱ्यांना दर्शन मिळेल असं बघावं. एवढ्याने मिरवणुकीचं काही अडत नाही.

आणि मोदक पाठवायचे असतील तर जरूर पाठवा, डबा गेटवर ठेवून फोन करायचा, मी धुऊन परत पाठवीन.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव