खाली बसलेल्यांबद्दल थोडं

फोंडा, गोवा

चि. निनाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपण कोंकणीत बोलतो, पण पत्र लिहायला बसले की हात आपोआप मराठीकडे वळतो. आमच्या पिढीचं ते तसंच आहे.

परवा तू म्हणालास, "आई, ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात, रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून चार-चार तास वाजवतो आणि बाहेर पडलं की कुणी ढुंकून बघत नाही. डोक्यावर रंगमंच, समोर कंडक्टरचा हात, संपलं." त्यात तू पाठवलेला फोटो बघून तुझ्या काकांनी विचारलं, यात आपला निनाद कुठला? अंधारात स्टँडचे चार दिवे आणि कुणाचं तरी टक्कल. मी हसले खरी, पण तुझा आवाज पडलेला होता, तो काही मनातून जाईना.

तू खालचा, मी वरची. देवळांच्या उत्सवांतल्या नाटकांत उभी राहून मी गायले. खाली साथीला बसलेली माणसं नसतील तर गाणाऱ्याचं काय होतं, ते मला विचार.

त्या रात्री 'सौभद्र' होतं. सकाळपासून माझा घसा बसलेला. सांगितलं कुणालाच नाही, उगाच सगळ्यांचा जीव टांगणीला कशाला? माझी पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, काळी चार. प्रवेशातली माझी दोन-तीन वाक्यं झाली असतील नसतील, ऑर्गनवाल्या काकांनी तबलजीकडे मान वळवली. मी समोरच्या पात्राशी बोलतेय आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतेय, तर तबलजी पुढ्यातला तबला बाजूला सारून दुसरा ओढतोय, कान जवळ नेऊन हातोडीने अगदी हळू ठोकतोय. पदाच्या आधीचं वाक्य आलं आणि काकांनी सूर धरला तो पांढरी पाचचा! अर्धा स्वर खाली. नुसतं गद्य ऐकून त्यांनी ओळखलं होतं की आज ही वर पोचायची नाही. मंडपात बसलेल्या एकालाही पत्ता लागला नाही. वर वन्समोर आला. दुसऱ्या खेपेला वरच्या जागेवर माझा श्वास तुटला, तिथे ऑर्गनचा सूर भरून उभा राहिला. दोन्ही पाय भात्यावर, बोटं पट्ट्यांवर, नजर माझ्या तोंडाकडे. टाळ्या मला मिळाल्या. काकांना चहा मिळाला, तोही गार.

तुमच्याकडे असं ऐनवेळी पट्टी उतरवणं जमायचं नाही, ते मला कळतं. सत्तर माणसांपुढे छापील कागद असतो. वन्समोर घ्यायचा तरी सगळ्यांनी पानं मागं उलटायची. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात तर वन्समोरची प्रथाच बंद पाडलेली होती. 2007 मध्ये हुआन दिएगो फ्लोरेस या गायकाने नऊ वेळा वरचा षड्ज लागणारं ते दोनिझेत्ती या संगीतकाराचं गाणं पुन्हा गायलं, तर 1933 नंतर तिथे पहिल्यांदाच असं घडलं म्हणून बातमी झाली. आमच्या फोंड्यात एवढ्यावर बातमी करायची म्हटली तर रोजचा पेपर पुरायचा नाही.

पण गाणारी एखाद्या स्वरावर रेंगाळली की कंडक्टरची काठी हवेत थांबते आणि तिच्याबरोबर तुम्ही सगळे थांबता, हे तूच मला सांगितलं होतंस. ते आणि काकांचं एकच. बॅलेचं गणित मात्र निराळं दिसतं. उडी मारलेला माणूस हवेत किती राहील ते त्याच्या वजनावर आणि पायांवर. तिथे तुम्ही लय ओढलीत तर तो खाली येऊन उभा आणि सूर अजून वरच! 'स्लीपिंग ब्यूटी'च्या वेळी, 1890 च्या सुमारास, नृत्य बसवणाऱ्या पेतिपाने चायकोव्हस्कीला कुठे किती मात्रांचं संगीत हवं, लय कसली हवी, हे आधीच लिहून दिलं होतं. एवढ्या मोठ्या संगीतकाराने ते बहुतेक सगळं पाळलं आणि तरी काय करून ठेवलं बघ.

आता तुझ्या त्या "कुणी बघत नाही"बद्दल. जर्मनीत बायरॉइटला वाग्नर या ऑपेराकाराने 1876 मध्ये थिएटर उघडलं ते वादक दिसूच नयेत अशा बेताने. खड्ड्यावर झाकण, पायऱ्यापायऱ्यांनी खाली रंगमंचाच्या पोटात उतरत गेलेली बैठक, सगळ्यांत खोल ब्रास, म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्यं, आणि ढोल. आवाज आधी रंगमंचाकडे जातो, गाणाऱ्याच्या गळ्यात मिसळतो आणि मग प्रेक्षकांत येतो. दिसत नाहीत म्हणून उन्हाळ्यात वादक टीशर्टवर बसतात म्हणे. मला तर हेवाच वाटला. आम्ही मे महिन्यात शालू नेसून गायचो!

व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचं तर तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. नवीन वर्षाच्या कार्यक्रमात अर्धं जग ज्यांना टीव्हीवर बघतं, त्यांना आधी ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात जागा मिळवावी लागते, तिथे तीन वर्षं काढावी लागतात, मग अर्ज. आपल्याकडे थिरकवाँ खाँसाहेब गंधर्व कंपनीत साथीला होते. एकट्याच्या तबल्याने मैफल उठवणारा माणूस, पण नाटकाच्या पदाला ठेका धरून बसायचा. त्यांना कमीपणा वाटला असेल असं मला तरी वाटत नाही. तुला वाटत असेल तर तो वाटण्याचा प्रश्न आहे, जागेचा नाही. आई आहे म्हणून स्पष्ट लिहिते.

खरी काळजी मला वेगळीच आहे, आणि पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. तुझे व्हायोलावाले (व्हायोलिनच्या त्या थोरल्या भावंडाचे वादक) ब्रासच्या किती पुढ्यात बसतात? लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये 2012 साली वाग्नरच्या तालमीत एका व्हायोलावादकाच्या पाठीशीच ब्रासची रांग होती. त्याचे कान कायमचे दुखावले, वाजवणं सोडावं लागलं. 2018 मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पुढच्या वर्षी अपिलातही तो टिकला. कलेचं मोल मोठं म्हणून कायद्यातून सूट, हे कोर्टाने मानलं नाही.

तू म्हणशील, कानात बोळे घातले तर वरची गाणारी कशी ऐकू येणार? खरं आहे. काकांनी बोळे घातले असते तर त्या रात्री माझं काही खरं नव्हतं. तरी तालमीला घाल, निदान ब्रासच्या मोठ्या जागांना घाल, आणि खुर्ची थोडी सरकवून मिळते का ते विचार. विचारायला लाजू नकोस, तुमच्याकडे युनियन असते ना? एकदा कान तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो पाठव. जर्मनमध्ये असला तरी चालेल, शेजारच्या मुलीकडून वाचून घेईन. ती शिकते आहे.

यंदा उत्सवाचं नाटक ठरतंय. मी आता गात नाही, प्रॉम्प्टिंगला बसते. ऑर्गनवर काकांचा नातू आहे, हात बरा आहे, पण मान वर करत नाही. रोज त्याच्या मागे लागते आहे.

तुझी,
आई