पुणे मेट्रोच्या नकाशात बीआरटी आणि लोकलही हवी

संपादक महोदय,

मेट्रोच्या नकाशात लाइट रेल (ट्रामसारखी हलकी रेल्वे) दाखवावी की नाही, यावर परदेशात बरीच वादावादी होते. लॉस एंजेलिसमध्ये बी आणि डी या दोनच मार्गिका खऱ्या अर्थाने भुयारी. ए, सी, ई आणि के या लाइट रेलच्या, त्यातल्या काही तर रस्त्यावर सिग्नललाही थांबतात. तरी नकाशा एकच. लंडनच्या ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, नकाशात डीएलआर ही लाइट रेल आहे आणि 2016 पासून क्रॉयडनची ट्रामही आली. ट्यूबची रेघ भरीव, यांची पोकळ. बघणाऱ्याला फरक लगेच कळतो. मला हे पूर्णपणे पटते.

पुण्यात लाइट रेल नाही, पण प्रश्न तोच आहे. मेट्रोची जांभळी मार्गिका पिंपरी-चिंचवड महापालिकेपाशी संपते आणि नकाशाही तिथेच संपतो. निगडीला जाणाऱ्या नवख्याने पुढे काय करायचे? स्टेशनाच्या जिन्यावरून उतरले की जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर निगडीपर्यंत बीआरटी, म्हणजे बससाठी स्वतंत्र लेन, आहे. दुसऱ्या टोकाला, स्वारगेटहून कात्रजकडेही 2006 पासून बीआरटीचा मार्ग आहे. या दोन्ही बाजूंना मेट्रो पोहोचायला अजून अवकाश आहे. तोवर हजारो लोक रोज मेट्रो आणि बस जोडूनच जाणार, मग ती जोडणी कागदावर का नको?

लोणावळा लोकलचे तर त्याहून वाईट वाटते. शिवाजीनगरला लोकलमधून उतरलेली, हातात पिशव्या असलेली माणसे बाहेर येऊन आधी रिक्षावाल्याला विचारतात, ‘स्वारगेटचे किती घेणार?’ भुयारी मेट्रोचे स्टेशन तिथून चालत जाण्याइतके जवळ आहे! दोन्ही गाड्या एका नकाशात असत्या, तर हा प्रश्न तळेगावात गाडीत बसतानाच सुटला असता.

नकाशात रेघांची गर्दी होईल म्हणून प्रत्येक बस त्यात नको, हे मान्य. स्वतंत्र लेन आणि ठरावीक थांबे असतील तेवढेच मार्ग घ्यावेत. नगर रस्त्यावरची बीआरटी उखडली आहे, तेव्हा तिथे रेघही नको. दुपारी लोकलच्या फेऱ्या विरळ होतात, म्हणून तिची रेघ बारीक काढावी आणि शेजारी तसे स्पष्ट लिहावे.

चालवणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत, ही सबब पुढे येईलच. नोएडाची ॲक्वा लाइनही वेगळ्या महामंडळाची आहे, तरी ती दिल्ली मेट्रोच्या नकाशात आहे. सेक्टर 51 आणि 52 या स्टेशनांमध्ये प्रवाशाला चालावे लागते, तरीही. आपल्याकडे माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही मार्गिका पीएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाची. तिच्यासाठीही वेगळा नकाशा निघू नये.

मेट्रो चालवणारी महामेट्रो, बस चालवणारी पीएमपी, पीएमआरडीए आणि रेल्वे यांनी मिळून असा एक नकाशा करावा आणि तो सर्वांत आधी स्वारगेट, शिवाजीनगर व पिंपरीच्या स्टेशनांवर, तिकीट खिडकीच्या शेजारी लावावा.

— एक नियमित प्रवासी, चिंचवड