पहिला नंबर माझा लावला नाहीत, त्याबद्दल

त्रिमूर्ती चौकाजवळच्या मोबाईलच्या दुकानातल्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही, अशी तंबी तुम्हीच दिलीत, म्हणून नुसतं ताई. नाशिकच्या सिडकोत ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

बाबा आता ठणठणीत आहेत, हे आधी सांगतो. मागे दुकानात आलो तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी फोनची चार्जिंग पिन बदलत होतात, मागे चार गिऱ्हाईकं उभी होती. मी ‘थँक्यू’ म्हणालो, तुम्ही मान हलवलीत, झालं. एवढ्यावर भागवणं मनाला पटेना, म्हणून हे पत्र.

बाबा तुमच्याकडे आले होते ते टेम्पर्ड ग्लास बसवायला. काच बसवता बसवता तुम्ही विचारलंत, “काका, रस्त्यात चक्कर आली तर लोकांनी फोन कुणाला लावायचा?” बाबा म्हणाले, “मुलाला. तो पुण्यात असतो.” त्यावर तुम्ही म्हणालात, “पुण्याहून येईपर्यंत तुमच्यापाशी कोण थांबणार?”

हे बाबांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मला जरा लागलंच. अडचणीत कुणाला फोन लावायचा याची यादी तुम्ही बाबांच्या फोनवर करून दिलीत; एकुलता एक मुलगा मी, आणि त्या यादीत तिसरा! पहिल्या नंबरवर समोरच्या काकू, दुसऱ्यावर पंचवटीतला आतेभाऊ, मग मी. आई यादीत नाहीच, कारण तिचा साधा फोन दिवसभर स्वयंपाकघरात चार्जरला लटकलेला असतो आणि कुकरच्या शिट्टीपुढे त्याची घंटा कुणाला ऐकू येते? पण तुमचा हिशोब सरळ होता. आधी पोहोचू शकणारा, मग औषधं माहीत असणारा, आणि काळजी करणारा सगळ्यात शेवटी. पुणे-नाशिक साधारण 210 किलोमीटर, त्यात चाकणची कोंडी. तिथून मी काळजीच करू शकतो.

त्या बुधवारी बाबा नेहमीप्रमाणे सिटीलिंकच्या बसने निमाणीला उतरून गोदाघाटावरच्या बाजारात गेले. सकाळी इन्सुलिन घेतलं होतं आणि नाश्ता म्हणजे अर्धी पोळी, कारण बाजारात भेळ खायची ठरलेली. भेळेपर्यंत पोहोचलेच नाहीत. साखर उतरली, दरदरून घाम, बोलणं अडखळतं, पाय लटपटत. कांद्याच्या ढिगाशेजारी बसले आणि कांदेवाल्या मावशींनी काय विचारलं तर भलतंच उत्तर द्यायला लागले. आजूबाजूचा एकजण म्हणाला, “भर दुपारी लावून आलेत.” साखर उतरलेला माणूस आणि दारू प्यायलेला माणूस लांबून सारखाच दिसतो. बाबांनी आयुष्यात बिअरलाही हात लावलेला नाही, त्यामुळे ते वाक्य अजून त्यांना बोचतं. आजार परवडला, पण हे नको, म्हणतात.

कांदे घ्यायला आलेल्या एका कॉलेजच्या पोराने बाबांच्या खिशातला फोन काढला. फोनला कुलूप. बाबांचा अंगठा लावून पाहिला तर तेही नाही, कारण अंबडच्या एमआयडीसीत सगळी नोकरी लेथवर काढलेल्या माणसाच्या अंगठ्यावर रेषा राहिल्यात कुठे? रेशनच्या दुकानातलं मशीनसुद्धा त्यांना ओळखत नाही. मग त्या पोराने खालचं ‘इमर्जन्सी’ दाबलं, आणि तुम्ही मराठीत लिहून ठेवलेलं समोर आलं. मावशींनी ते मोठ्याने वाचून घेतलं म्हणे: “मला डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतो. बरळत असलो आणि गिळता येत असेल तर साखर द्या. बेशुद्ध असलो तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.”

शेजारच्या चहाच्या गाडीवरून साखर आली. पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. तोवर पोराने त्याच पडद्यावरून, कुलूप न उघडता, काकूंना फोन लावला. काकूंनी आतेभावाला. तो दिंडोरी रोडवरून स्कूटरवर आला तेव्हा बाबा मावशींशी कांद्याच्या भावावरून वाद घालत होते. तरी त्याने ऐकलं नाही, दवाखान्यात नेऊन साखर पुन्हा तपासली, आणि ते बरं केलं. अशा वेळी वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते, हे डॉक्टरांनी समजावलं.

आता माझी बाजू. मी मीटिंगमध्ये होतो आणि फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर. काकूंचा पहिला फोन आत आलाच नाही, दुसरा खणखणला. हेही तुमचंच काम! दिवाळीत मी तुमच्याकडे कव्हर घ्यायला आलो होतो, तेव्हा तुम्ही माझा फोन हातात घेऊन ‘रिपीट कॉलर’ चालू केलं होतंत. अँड्रॉइडवर त्याच नंबरवरून 15 मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला, तर शांत ठेवलेला फोनही वाजतो. आयफोनवर ही मुदत 3 मिनिटांची, हेही तुम्हीच सांगितलंत. मी तेव्हा ‘हो हो’ म्हणत जीपे करत होतो.

काकूंची परीक्षा तर आमच्या गल्लीत गाजली. यादी झाल्यावर तुम्ही दुकानाच्या नंबरवरून त्यांना फोन लावून पाहिलात. त्यांनी उचलला नाही. अनोळखी नंबर उचलायचा नाही, असं त्यांना त्यांच्या मुलीने बजावलेलं. मग तुम्ही निरोप धाडलात, की हॉस्पिटलची सिस्टर असो, पोलीस असो किंवा कांदेवाली मावशी, तिचा नंबर अनोळखीच असणार. उचला, ऐका, ओटीपी मागितला तर ठेवून द्या. तेव्हापासून काकू सगळे फोन उचलतात. क्रेडिट कार्डवाल्या पोरांचीही चौकशी करतात, जेवलास का म्हणून.

बाबांनी तुमच्याशी हुज्जत घातली होती तीही मला ठाऊक आहे. “फोन चोरीला गेला तर चोराला माझी सगळी कुंडली मिळणार की!” तुम्ही पत्ता लिहिलाच नाही. आधार नाही, आडनाव नाही. आजार, औषध, पेनिसिलिनची ॲलर्जी आणि तीन नंबर, तेही ‘शेजारच्या काकू’, ‘भाचा, पंचवटी’, ‘मुलगा, पुणे’ असे. बाबांच्या फोनबुकात मी ‘छोट्या’ आहे आणि आतेभाऊ ‘नाना २’. त्या पोराने त्यातून काय शोधलं असतं? रक्तगटाबद्दलही तुमचं बरोबर निघालं. लिहायला हरकत नाही, पण रक्त चढवण्याआधी हॉस्पिटल तो स्वतः तपासूनच घेतं. ॲलर्जी मात्र बेशुद्ध माणसाला विचारून कळत नाही.

तुमच्यामुळे मी यावर थोडं वाचलंही. 2005 मध्ये इंग्लंडात केंब्रिजच्या बॉब ब्रॉची नावाच्या रुग्णवाहिकेवरच्या पॅरामेडिकने लोकांना सुचवलं, की घरच्यांचा नंबर फोनमध्ये ‘आयसीई’ म्हणजे ‘इन केस ऑफ इमर्जन्सी’ या नावाने ठेवा. त्याच वर्षीच्या जुलैत लंडनमध्ये स्फोट झाले आणि ही कल्पना झपाट्याने पसरली. तेव्हाचे फोन बहुधा उघडेच असायचे. आज फोनबुकात ‘आयसीई’ लिहून फोनला कुलूप घातलं तर तो नंबर कुणाला दिसणार? म्हणून माहिती कुलपाच्या बाहेर हवी. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये ती ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’मध्ये भरतात, आयफोनमध्ये ‘हेल्थ’ ॲपातल्या ‘मेडिकल आयडी’त, आणि तिथे ‘शो व्हेन लॉक्ड’ चालू करावं लागतं. ते राहिलं तर सगळं भरूनही बाहेरच्याला काही दिसत नाही. हे तुम्ही किती जणांना, किती वेळा सांगत असाल!

आईच्या बटणांच्या फोनवर तुम्ही 5 चा आकडा दाबून धरायला शिकवलंत, त्याचंही मूळ सापडलं. 1 जानेवारी 2017 पासून भारतात विकायच्या फोनांना पॅनिक बटण सक्तीचं झालं. साध्या फोनवर 5 किंवा 9, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा. फोन जातो 112 ला. आई आता 5 ला हात लावायलाच घाबरते, तो भाग वेगळा.

कागदाचं कार्ड मात्र मला आधी जुनाट वाटलं होतं. बाबांच्या आधारच्या प्लास्टिकच्या पाकिटात मागच्या बाजूला तुम्ही तीच माहिती जाड काळ्या पेनाने लिहून, लॅमिनेट करून सरकवलीत. फोन पडतो, भिजतो, बॅटरी संपते, गर्दीत मारला जातो. आणि 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडावर पर्वणीला लोटणाऱ्या गर्दीत नेटवर्कने मान टाकली तर हातात फोन असून उपयोग नाही. 2003 च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी नाशिककर विसरलेले नाहीत. गावाकडून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात अशी कार्डं घालायचा तुमचा विचार कानावर आला. लॅमिनेशनचा खर्च माझ्याकडे, यावर वाद नको. टेम्पर्ड ग्लासचे तेवढे पैसे घेऊन बाकीच्या कामाचा रुपया घेतला नाहीत, ते आईला अजून खटकतंय.

मावशींना आम्ही पुढच्या बुधवारी जाऊन भेटलो. त्यांनी कांदे जबरदस्तीने दिले, पैसे घेतले नाहीत. तो पोरगा काही सापडला नाही. तुमच्या दुकानात कधी आला आणि ओळख पटली, तर त्याला एक चांगला इअरफोन द्या आणि माझ्या खात्यावर लिहा.

एक काम राहिलंय. फोन दसऱ्याला काढून बघायचे, जशी आपण हत्यारं आणि गाड्या पुसतो तसे, असं तुम्ही ठरवून दिलंय. पण काकू त्याआधीच लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला चालल्यात, चांगल्या चार-पाच महिन्यांसाठी. मग पहिला नंबर कुणाचा? आई म्हणते आतेभाऊ. बाबांना वाटतं खालच्या मजल्यावरचे रिक्षावाले दादा, कारण गाडी दारात असते. मी म्हणतो, दादा रिक्षा चालवताना फोन उचलत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिघांचं एकमत होत नाही, तेव्हा शनिवारी संध्याकाळी बाबा तुमच्याकडे येतायत. सोबत सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावरचे दोघे आहेत, त्यातल्या एकाला पासवर्ड आठवत नाही. जरा वेळ काढून ठेवा.

तुमचा,
‘मुलगा, पुणे’