कझाकस्तान: मनोऱ्यांपलीकडचा देश

महोदय,
तेलसंपन्न देश म्हटला की झगमगाट डोळ्यांसमोर येतो आणि कझाकस्तानच्या राजधानीत, अस्तानामध्ये, तो दिसतोही. १९९७मध्ये अल्माटीहून हलवलेली ही राजधानी कडाक्याच्या थंडीच्या गवताळ प्रदेशात काचेच्या मनोऱ्यांनिशी उभी आहे. मला मात्र अल्माटीचा हिरवा बाजार (तिथेही शब्द ‘बाजार’च आहे) अधिक भावला. दह्याचे खारवून वाळवलेले, दगडासारखे टणक गोळे, म्हणजे ‘कुर्त’, विकणाऱ्या आजीबाईंनी दुधाचा चहा अर्धाच वाडगा भरून दिला. पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून तो कमी भरणे हाच तेथे पाहुण्याचा मान, हे मागाहून कळले.

पण तेल निघणाऱ्या मांगिस्ताऊ प्रांतातल्याच झानाओझेन या तेलकामगारांच्या गावात जानेवारी २०२२मध्ये वाहनांच्या गॅसची दरवाढ होताच लोक रस्त्यावर उतरले आणि असंतोष देशभर पसरला, हे आठवले की त्या मनोऱ्यांकडे पाहताना मन खंतावते. आपल्याकडचे अनेक विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे जातात. त्यांच्या पालकांसाठी तरी आपण या देशाविषयी सविस्तर लेखन छापावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा